नकाशातला काळा भाग

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी एका खेळाबद्दल बोलणार आहे. खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो नव्हे आणि क्रिकेट तर नव्हेच. संगणकावरचा खेळ. हे ऐकून काही घरांतल्या आयांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. माझ्या आईच्याही पडत. दिवाळीनंतर आमच्या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव जातात, दिवसा शंकरपट आणि रात्रभर नाटक. आई म्हणायची, "अरे, जागायचंच आहे तर झाडीपट्टीचं नाटक तरी पाहून या. त्या डबड्यापुढं काय जागता?"

ते डबडं आमच्या घरी 2001 साली आलं. चंद्रपुरात तेव्हा घरात संगणक असणं ही सांगण्यासारखी गोष्ट होती. वडिलांनी तो नागपुरातून सुटे भाग जोडून आणला. कारण अर्थातच 'मुलांच्या अभ्यासासाठी'. पुढच्याच वर्षी दादाच्या एका मित्रानं एक सी.डी. आणून दिली. वर स्केचपेननं नुसतं 'हिरोज 3' लिहिलेलं. ती अस्सल नव्हती, हे आज कबूल करायला हरकत नाही. आमच्या गावात अस्सल सी.डी. कुठं मिळते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

या खेळाचं पूर्ण नाव 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक'. आणि हे खरं तर एका झाडाच्या फांदीचं नाव आहे. मूळ झाड म्हणजे 'माइट अँड मॅजिक'. जॉन व्हॅन कॅनेगम नावाच्या अमेरिकन माणसानं 1986 साली तो खेळ काढला. त्यात आपण चार-सहा साहसी मंडळींचं सोंग घ्यायचं, भुयारं धुंडाळायची, कोडी सोडवायची, राक्षस मारायचे. अशा खेळांना भूमिका वठवण्याचे खेळ म्हणतात. पुढं 1990 साली त्याच माणसानं 'किंग्ज बाउंटी' काढला आणि 1995 साली, त्याच धर्तीवर आणि मूळ मालिकेचं नाव लावून, 'हिरोज'. म्हणजे एखाद्या नाटकातल्या दुय्यम पात्राला घेऊन वेगळं नाटक लिहावं आणि मग लोकांनी मूळ नाटक विसरून त्यालाच गर्दी करावी, तसं झालं. फांदी खोडापेक्षा जाड झाली. तिचा तिसरा भाग 1999 साली आला. जगभरचे चाहते आज गहिवरून बोलतात ते बहुतेक या तिसऱ्या भागाबद्दल. पोलंड आणि रशियात तर तो घरोघरी पोचला होता म्हणतात. आमच्याकडे तीनच घरी पोचला होता, पण गहिवर तेवढाच.

खेळ साधारण असा. प्रत्येकाचं एक नगर. नगरात इमारती बांधायच्या, फौज जमवायची, घोड्यावरचा एक वीर बाहेर काढायचा. तो रोज ठरावीक अंतरच चालू शकतो. वाटेत लाकडाची वखार, लोहखनिजाची खाण, गंधक, पारा, रत्नं, सोनं. सात दिवसांचा आठवडा. आठवडा उलटला की नगरात नवी फौज तयार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवातीला सगळा नकाशा काळाकुट्ट असतो. आपला वीर जिथं जाईल तिथला काळोख तेवढा फिटतो. एकदा फिटला की मात्र परत येत नाही.

चाहत्यांना विचाराल तर ते काय सांगतील? नगरात शिरताच वाजणारं पॉल रोमेरोचं संगीत सांगतील. आठवड्याच्या सुरुवातीला ज्योतिषी जाहीर करत, की हा आठवडा अमक्या प्राण्याचा, ते सांगतील. कधी महामारीचा महिना लागे आणि नगरांतली वस्ती निम्मी होई, ते सांगतील. पण थोडं बोलतं केलं की प्रत्येक जण शेवटी एकाच गोष्टीवर येतो: आपल्या शेजारी कोण बसलं होतं. कारण हा खेळ एकाच संगणकावर आठ जणांपर्यंत खेळता यायचा. एकाची पाळी संपली की उठायचं, दुसऱ्यानं त्याच गरम खुर्चीत बसायचं. दुसऱ्याची पाळी चालू असताना पडद्याकडं बघायचं नाही, नाहीतर त्याचं गुपित कळणार. म्हणून बाकीच्यांनी व्हरांड्यात जाऊन बसायचं. एकेकाची पाळी दहा-दहा मिनिटं चाले. व्हरांड्यातल्या त्या दहा मिनिटांत आमचा खरा खेळ झाला, असं आता वाटतं.

आम्ही चौघं होतो. मी, दादा, लालपेठच्या कोळसा खाणीत वडील असलेला माझा वर्गमित्र, आणि चौथा आमचा भाडेकरू. मागच्या खोलीत तो एकटा राहायचा. भामरागडकडचा, माडिया. आश्रमशाळेत दहावी करून अकरावी सायन्सला चंद्रपुरात आलेला. त्याचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं. आम्ही 'काऊन बे' आणि 'का करून रायला' करणारे, आणि तो 'आपण कशासाठी बोलावलंत?' म्हणायचा. मराठी त्यानं पुस्तकातून शिकलं होतं, रस्त्यावरून नव्हे. महिन्याभरात आम्ही त्याला बिघडवलं.

खेळात आठ प्रकारची नगरं. त्यातलं एक जंगलातलं. तिथं एल्फ, एकशिंगी घोडे आणि चालणारी झाडं. ही झाडं शत्रूला मुळांनी धरून ठेवतात, हलू देत नाहीत. पहिल्या दिवशी दादानं न विचारताच त्याला ते नगर देऊन टाकलं. "तुझंच आहे हे," म्हणाला. चेष्टा होती, वाईट हेतू नव्हता. यानं मान हलवली. म्हणाला, "जंगल तर घरीच आहे, दादा. मला बर्फ द्या." आणि त्यानं बर्फातलं नगर घेतलं. जादूगारांचं, मनोऱ्याचं, ज्यात जिनी आहेत आणि सहा हातांच्या नागकन्याही आहेत. मे महिन्यात, कूलरमधलं पाणी संपलेलं असताना, चंद्रपुरात बसून तो बर्फातून सैन्य चालवायचा. दोन वर्षं त्यानं दुसरं नगर घेतलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

या खेळासोबत नकाशे तयार करण्याची सोय होती. डोंगर, नद्या, रस्ते, खाणी, नगरं, सगळं माऊसनं मांडता यायचं. 2003 च्या उन्हाळ्यात मी आणि दादानं ठरवलं की आपल्या भागाचा नकाशा काढायचा. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हे. 1982 पर्यंत तो एकच जिल्हा होता आणि वडील अजूनही सवयीनं 'चांदा जिल्हा' म्हणत. शाळेचा नकाशा पुढ्यात घेतला आणि सगळ्यात मोठा आकार निवडला. 144 चौकटी लांब, तेवढ्याच रुंद, आणि खाली भुयाराचा दुसरा मजला.

भुयाराचा मजला लालपेठवाल्यानं घेतला. त्याला तो शोभतच होता. खेळात कोळसा नाही म्हणून त्यानं कोळशाऐवजी गंधक टाकला. वर मी चंद्रपूर मांडलं. परकोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे, आत सरदार आणि देवदूतांचं भारदस्त नगर. बल्लारपूरला कागद कारखान्यासाठी लाकडाची वखार. ताडोब्याला वाघ हवे होते. खेळात नव्हते, म्हणून ग्रिफिन. वैनगंगेकाठी मार्कंड्याचं देऊळ, तिथं वीर गेला की फौजेचं मनोबल वाढतं. आलापल्लीच्या सागवानात एक उंच झाड, ज्यावर चढून आजूबाजूचा काळोख फिटतो. इथपर्यंत आम्ही मोठ्या हौसेनं केलं.

आलापल्लीच्या पुढं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. खरंच सांगतो, काही नाही. एटापल्ली, भामरागड ही नावं आम्ही वर्तमानपत्रात वाचलेली, आणि तीही बातमी वाईट असेल तेव्हाच. घरातलं कोणी तिकडं गेलं नव्हतं. हेमलकसा तेवढं ऐकून ठाऊक होतं, आमटे कुटुंबामुळं. मग उरलेला सगळा पूर्व भाग आम्ही झाडांनी भरला. दर चार चौकटींवर एक राक्षसांचा जथा उभा केला, लांडग्यांवर बसणारे स्वार ठेवले. आणि कोपऱ्यात रानटी टोळ्यांचं नगर टाकून त्याला भामरागड नाव दिलं. मजा येईल म्हणून. वाईट वाटेल असं मनातही आलं नाही, ही यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट.

सुटी संपून तो गावाहून परत आला. आम्ही मोठ्या उत्साहानं नकाशा दाखवला. त्यानं माऊस हातात घेतला आणि चंद्रपूरपासून सुरुवात केली. सावकाश पाहत पाहत पूर्वेला गेला. त्या कोपऱ्यावर थांबला. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, आवडलं. मग त्यानं परत चंद्रपुरावर आणलं आणि विचारलं, "हा परकोट कोणी बांधला?"

"गोंड राजांनी," दादा म्हणाला. शाळेत शिकलेलं होतं. खांडक्या बल्लाळशहा, सशानं कुत्र्याचा पाठलाग केल्याची दंतकथा, राणी हिराई, सगळं पाठ.

"मग इकडं सरदार आणि तिकडं रानटी, हे कसं?"

एवढंच. आवाज चढला नाही. दादाचा चेहरा मला आजही आठवतो. तो उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. मी "अरे, गंमत होती" वगैरे काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "मी दुरुस्त करू का?"

पुढचे दोन महिने आमचा संगणक त्याचाच होता. अभ्यास झाला की रात्री यायचा आणि तास-दीड तास बसायचा. भारनियमन असे तेव्हा अंधारात तोंडी सांगायचा आणि आम्ही कागदावर उतरवायचो. व्हरांड्यातून औष्णिक वीज केंद्राचे लाल दिवे दिसत, आणि आमच्या हातात मेणबत्ती.

त्याची पहिली दुरुस्ती नद्यांची. या खेळात नदी काढण्याचं एक अवजार आहे, पण त्यानं काढलेली नदी नुसती शोभेची. वीर तिच्यावरून सरळ चालत जातो. आम्ही वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, सगळ्या तशाच काढलेल्या. त्यानं भामरागडजवळच्या तिन्ही नद्या, पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती, पुसल्या आणि त्या जागी खरं पाणी टाकलं, समुद्रासाठी असतं ते. आता होडी असल्याशिवाय पलीकडं जाता येईना. मी म्हटलं, "अरे, तिथं पूल आहे ना?" म्हणाला, "आहे. पावसाळ्यात पाण्याखाली असतो. तुमच्या खेळात पावसाळा नाही, म्हणून मी कायमचा लावला."

दुसरी दुरुस्ती रस्त्यांची. खेळात तीन प्रकारचे रस्ते आहेत: कच्चा, खडीचा आणि फरसबंदीचा. फरसबंदीवर वीर दुप्पट चालतो, दलदलीत अडखळतो. आम्ही सगळीकडं सरसकट फरसबंदी केलेली. त्यानं चंद्रपूर-बल्लारपूर फरसबंदी राहू दिली. आष्टीमार्गे आलापल्लीपर्यंत खडी. तिथून भामरागडचे साठ-पासष्ट किलोमीटर कच्चा. आणि भामरागडच्या पुढं रस्ताच नाही. नुसती जमीन, मधेमधे दलदल.

यावर मोठं भांडण झालं. दादा म्हणाला, "असा नकाशा चालणार नाही. समतोल राहात नाही. भामरागडवरून सुरुवात करणाऱ्याला चंद्रपूरला यायलाच दोन आठवडे लागतील. तोवर इकडचा माणूस सगळ्या खाणी बळकावून बसेल."

"हो," तो म्हणाला.

"मग तो हरणारच की!"

"हो."

दादा बघतच राहिला. मग लालपेठवाला हसायला लागला आणि त्याच्यामागं तोही. रस्ते तसेच राहिले. पुढं आम्ही त्या नकाशावर सहा-सात वेळा खेळलो. दर वेळी भामरागड कोणी घ्यायचं यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागत. ज्याला ती चिठ्ठी येई तो हरे, एक अपवाद सोडून. तो अपवाद कोण हे सांगायला नकोच. तो घाईच करत नसे. आठवडे मोजत बसायचा, पाण्याआड फौज वाढवायचा. बाकीचे तिघं एकमेकांत लढून दमले की होडी सोडायचा.

हेमलकशाला त्यानं अभयस्थान ठेवलं. त्या जागी गेलेल्या वीरावर कोणालाही हल्ला करता येत नाही. एका वीराचं नाव त्यानं बाबुराव ठेवलं. मी विचारलं, हे कोण? तर म्हणाला, "रोज जेलवरून जाता ना तुम्ही?" बाबुराव शेडमाक्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिलं, हे मला त्या रात्री प्रथम नीट कळलं. मी त्याच शहरात जन्मलो होतो.

राक्षस त्यानं सगळे काढले नाहीत. म्हणाला, "अस्वलं आहेतच की. थोडे राहू देत." गावांची नावं मात्र एकेक भरली, आणि प्रत्येकापाशी थांबून सांगायचा: इथं बाजार भरतो, इथं माझी आत्या असते, इथं मोहफुलं वेचायला जातो, इथून शाळेत यायला दीड दिवस चालावं लागे. तेव्हा आम्ही कंटाळायचो. दादा जांभया द्यायचा. आज वाटतं, कोणी शेजारी बसून लिहून घ्यायला हवं होतं.

एवढी सचोटी पाळून शेवटी त्यानं एकच खोटेपणा केला. रानटी नगर काढून टाकलं आणि तिथं आपलं आवडतं बर्फाचं नगर बसवलं. भोवती दहा-दहा चौकटी पांढराशुभ्र बर्फ. भामरागडात! दादानं विचारलं, हे काय? म्हणाला, "सगळं खरंच कशाला पाहिजे?"

2004 साली त्याची बारावी झाली. गुण जेमतेम पडले. तो डी.एड.ला गेला आणि मग आपल्याच तालुक्यात शिक्षक झाला. मी पुण्याला गेलो. मोबाइल तेव्हा त्याच्याकडं चालत नसे, पत्रं लिहिण्याची सवय माझी गेलेली. काही वर्षं संबंध तुटलाच म्हणायचा. दोष माझा.

खेळाचंही तसंच काहीसं झालं. आम्ही नकाशा काढत होतो त्याच 2003 साली तो प्रसिद्ध करणारी थ्रीडीओ कंपनी बुडाली आणि हक्क फ्रान्सच्या युबिसॉफ्टकडं गेले. 2015 साली त्यांनी जुन्या तिसऱ्या भागाला नवं रूप देऊन तो पुन्हा काढला, पण सोबतचे वाढीव भाग त्यात नव्हते, कारण त्यांचा मूळ प्रोग्रॅमच हरवला होता. चाहते खूप चिडले. पण चाहतेच मदतीलाही आले. रशियन बोलणाऱ्या काही हौशी मंडळींनी 'हॉर्न ऑफ द अबिस' नावाची स्वतःची भर 2011 च्या अखेरीपासून घालायला सुरुवात केली होती, आणि जुना खेळ नव्या संगणकांवर चालता ठेवला तो मुख्यतः अशाच लोकांनी. पगार नाही, पाणी नाही. मला यांचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडं जुन्या नाटकांच्या संहिता रद्दीत गेल्या, त्या कोणी अशा सांभाळल्या असत्या तर!

2020 च्या टाळेबंदीत मी चंद्रपूरला आईजवळ अडकलो. कपाट आवरताना दादाच्या जुन्या सी.डीं.ची चळत निघाली. एकीवर स्केचपेननं 'चांदा - शेवटचा' लिहिलेलं. सी.डी.वर ओरखडे होते, दोनदा फसली, तिसऱ्यांदा उघडली. नकाशा शाबूत होता. मी तो पडद्यावर लावला आणि भामरागडची चिठ्ठी स्वतःच घेतली. बर्फातून वीर निघाला. पहिल्या आठवड्यात मी नदीपर्यंतसुद्धा पोचलो नाही.

पडद्याचा फोटो काढला आणि दादाकडून त्याचा नंबर मिळवून पाठवला. तिकडं नेटवर्क असेल-नसेल म्हणून मी वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनच आला. सोळा वर्षांनी. आवाज जाड झाला होता, मराठी मात्र आता पक्कं आमच्यासारखं. आधी आईची चौकशी केली. "काकू अजून ओरडतात का?" म्हणाला. मग शाळेचं सांगितलं, दोन मुलींचं सांगितलं. मी म्हटलं, नकाशा दुरुस्त करायला हवा आता, सतरा वर्षं झाली, सांग काय काय बदलू.

तो विचार करत राहिला. मागं कोंबडा आरवत होता.

"आलापल्लीच्या पुढचा कच्चा रस्ता खडीचा कर," तो म्हणाला. "फरसबंदी नको. एवढी घाई नको करू."

"आणि पर्लकोटा?"

"ती तशीच राहू दे. मागच्याच पावसाळ्यात गाव पाण्यात होतं."

"आणि बर्फ?"

"बर्फाला हात लावशील तर बघ बे," तो म्हणाला.